दुपारी सैल होणारी तार : ऐरोलीतील एका मॉडेल रेल्वेच्या ओव्हरहेड वायरचे प्रकरण

नवी मुंबईतील ऐरोली येथील एका जुन्या गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर, गळती थांबवण्यासाठी घातलेल्या पत्र्याच्या शेडखाली, काही हौशी रहिवाशांनी १:३२ प्रमाणातील मॉडेल रेल्वे उभारली आहे. रुळांचे माप ४५ मिलिमीटर असून मार्गात १४ मीटरची एक सलग सरळ लांबी, दोन्ही टोकांना २.४ मीटर त्रिज्येची वळणे आणि एका बाजूला दोन फलाटांचे स्थानक आहे. ठाणे ते वाशी हा २००४ साली सुरू झालेला ट्रान्स-हार्बर मार्ग डोळ्यांसमोर ठेवून ही रचना केलेली असल्याने तिच्यावर विजेच्या तारा नसणे कोणालाच पटणारे नव्हते. लोकल आहे आणि वर तार नाही, असे दृश्य मुंबई परिसरातल्या माणसाला अपुरेच वाटते. या प्रदेशात विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली आणि तेव्हापासून पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरचा, तारेला खालून टेकणारा सांगाडा) व तार हा इथल्या रेल्वेचा अविभाज्य भाग झाला आहे.

गाड्यांना वीज रुळांतूनच द्यायची आणि वरची तार केवळ यांत्रिकदृष्ट्या खरी ठेवायची, म्हणजे पेंटोग्राफ तारेला प्रत्यक्ष टेकून घासत जाईल पण तारेत प्रवाह नसेल, असा निर्णय गटाने सुरुवातीलाच घेतला. गच्चीवर लहान मुलांचा वावर असतो आणि दमट खाडीच्या हवेत तांब्यावर काळा थर लवकर चढतो, ही त्यामागची दोन कारणे होती. मला हा निर्णय योग्य वाटतो. प्रवाहाचा प्रश्न बाजूला पडल्यामुळे तारेचे यांत्रिक वर्तन स्वतंत्रपणे पाहता आले आणि या प्रकरणाचा खरा विषय तोच आहे.

पहिली उभारणी

तारांची पहिली उभारणी हिवाळ्यात झाली. मोजमापे काळजीपूर्वक घेतलेली होती. भारतीय रेल्वेच्या २५ किलोव्होल्ट प्रणालीत कॉन्टॅक्ट वायरची, म्हणजे पेंटोग्राफ जिला टेकतो त्या खालच्या तारेची, नेहमीची उंची रुळाच्या माथ्यापासून सुमारे ५.५५ मीटर असते. ती ३२ ने भागून १७३ मिलिमीटर धरण्यात आली. खांबापाशी कॅटेनरी (कॉन्टॅक्ट वायरला पेलणारी वरची तार) आणि कॉन्टॅक्ट वायर यांच्यात असणारे १.४ मीटरचे अंतर ४४ मिलिमीटर झाले. सरळ मार्गावर तार एका खांबापाशी २०० मिलिमीटर डावीकडे आणि पुढच्या खांबापाशी तितकीच उजवीकडे ओढलेली असते, जेणेकरून पेंटोग्राफची पट्टी एकाच जागी खाचून जाऊ नये. हा स्टॅगर सहा मिलिमीटर ठेवला गेला. प्रत्यक्षातील कमाल ७२ मीटरचा स्पॅन, म्हणजे दोन खांबांमधला टप्पा, मॉडेलमध्ये सव्वादोन मीटरचा होतो, परंतु गटाने दीड मीटरचे, म्हणजे ४८ मीटरच्या स्पॅनशी जुळणारे अंतर निवडले. कागदावरचे गणित इथवर निर्दोष होते.

तार मात्र मोटार वाइंडिंगची, एक मिलिमीटर जाडीची मऊ तांब्याची होती. ती सरळ मार्गाच्या दोन्ही टोकांना लोखंडी अँगलच्या चौकटीत घट्ट आवळली होती, प्रत्येक खांबाच्या ब्रॅकेटला सोल्डर केली होती आणि दोन तारांना जोडणारे उभे ड्रॉपरही वर-खाली दोन्हीकडे सोल्डरने पक्के केले होते. कॅटेनरी आणि कॉन्टॅक्ट वायर मिळून एक कडक शिडीच तयार झाली. उभारणी सकाळच्या वेळी झाली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडी एकदाही अडली नाही.

तक्रारी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाल्या. पेंटोग्राफ एखाद्या स्पॅनच्या मध्यावर तारेच्या वर निघून जाई, किंवा त्याचे टोक ड्रॉपरमध्ये अडके. एका रविवारी तो असा अडकला की लोकलने तीन स्पॅनची तार खांबांसकट ओढून खाली आणली. गटात मग मते फुटली. पेंटोग्राफची स्प्रिंग कमजोर असल्याचे एकाचे म्हणणे होते, खांबांचे बोल्ट सैल झाल्याचे दुसऱ्याचे, तर स्टॅगर चुकीच्या बाजूला दिल्याचे तिसऱ्याचे. प्रत्येकाने आपापल्या परीने दुरुस्ती केली आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी यशस्वीही ठरली. गटातील एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने घटना वहीत वेळेसह टिपायला सुरुवात केली नसती, तर हे असेच चालू राहिले असते. वहीत दिसून आले की, एकही अडथळा सकाळचा नव्हता. सगळे दुपारी एक ते चारच्या दरम्यानचे होते.

तानकाट्याचा दिवस

दुपार म्हणजे उष्णता, इतके सर्वांना कळले. पण किती उष्णतेने किती ताण कमी होतो हे पाहण्यासाठी गटाने तारेचे एक टोक सोडून तिथे मासळीबाजारात वापरतात तसला पाच किलोचा तानकाटा अडकवला आणि सकाळी काटा दीड किलोवर आणून ठेवला. अपेक्षा अशी की दुपारी तो शून्यावर येईल. तो सव्वा किलोच्या आसपास थांबला. शिवाय त्या दुपारी तार सैल पडलीच नाही आणि गाडी बिनदिक्कत फिरत राहिली. उष्णतेचा तर्क खोटा ठरला असे समजून काही जण पुन्हा पेंटोग्राफच्या मागे लागले.

या ठिकाणी गटातील एका ज्येष्ठ सदस्याचा अनुभव कामी आला. ते रेल्वेच्या ओव्हरहेड वायर विभागातून फिटर म्हणून निवृत्त झाले आहेत. विद्यार्थ्याने त्यांना विचारले, "काका, काटा लावला की बिघाड होतच नाही, मग बिघाड शोधायचा कसा?" त्यांनी उत्तर दिले, "अरे, काट्यात स्प्रिंग आहे ना? तार जेवढी वाढली तेवढी ती स्प्रिंगने खेचून घेतली. बिघाड सापडलाय, आणि उपायही त्याच्याच बाजूला लटकतोय."

त्यांचे म्हणणे आकड्यांत मांडले की प्रकरण उलगडते. तांबे दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दशलक्षांश भागांपैकी सुमारे १७ भाग वाढते, पोलाद सुमारे १२. पत्र्याच्या लगत असलेली तार त्या दिवसांत सकाळपासून दुपारपर्यंत सुमारे २० अंशांनी तापत होती, तर प्लायवूडच्या सावलीतील अँगलची चौकट १० अंशांनी. दोन्हींच्या वाढीतील फरक १४ मीटरच्या लांबीवर जेमतेम तीन मिलिमीटर भरतो. परंतु दोन्ही टोके जखडलेली असतील तर एक मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एवढ्या फरकाने सुमारे दोन किलोचा ताण नाहीसा होतो. मुळात ताण होता दीड किलो. म्हणजे दुपारच्या आधीच तार पूर्ण सैल झालेली असणार. तानकाट्याची स्प्रिंग मात्र एका किलोच्या भाराला सुमारे एक सेंटिमीटर लांबते. तीन मिलिमीटरचा ढिलेपणा तिने ओढून घेतला तरी तिचा ताण पाव किलोपेक्षा फारसा घटत नाही. काट्याने ताण मोजला, आणि मोजता मोजता तो टिकवूनही धरला.

तीन मिलिमीटरमध्ये असे काय बिघडते, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर झोळाच्या भूमितीत आहे. ताठ तारेची लांबी किंचित वाढली तरी तिचा झोळ किंचित वाढत नाही. दीड मीटरच्या सरळ ताणलेल्या स्पॅनमध्ये तार केवळ एक दशांश मिलिमीटरने लांब झाली तर मधोमध पडणारा झोळ सुमारे साडेसात मिलिमीटरचा होतो. कपडे वाळत घालायची दोरी घट्ट बांधूनही पहिल्या ओल्या चादरीला एकदम खाली येते, त्यातला न्याय हाच. १७३ मिलिमीटर उंचीच्या तारेला आणि सहा मिलिमीटरच्या स्टॅगरला साडेसात मिलिमीटर ही क्षुल्लक गोष्ट नाही.

जी मापे लहान होत नाहीत

माझ्या मते या प्रकरणातील मूळ गफलत उष्णतेची नसून प्रमाणाची आहे. ३२ ने भागण्याची क्रिया लांबी, रुंदी आणि उंची यांना लागू पडते. गुरुत्वाकर्षणाला ती लागू पडत नाही, तापमानाला पडत नाही आणि धातूच्या ताठपणालाही पडत नाही. गच्चीवरची दुपार मॉडेलसाठी ३२ पटींनी थंड होत नसते. गटाने जे जे मोजपट्टीने मोजता येते ते सर्व अचूक उतरवले आणि जे काट्याने मोजावे लागते ते, म्हणजे ताण, अंदाजावर सोडले.

प्रत्यक्ष रेल्वेवर ताणाची व्यवस्था हा उभारणीचा गाभा असतो. भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर १०७ चौरस मिलिमीटरची खाचेदार तांब्याची कॉन्टॅक्ट वायर आणि ६५ चौरस मिलिमीटरची कॅटेनरी या दोन्हींवर प्रत्येकी सुमारे १००० किलोचा ताण असतो, आणि तो उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखाच राहावा म्हणून तारेच्या टोकाला कप्प्यांवरून वजने टांगलेली असतात. तीनास एक या प्रमाणाच्या कप्पीत २००० किलोच्या एकत्रित ताणासाठी सुमारे ६६५ किलोची वजने पुरतात. ठाणे किंवा ऐरोली स्थानकाच्या पुढे-मागे खांबाला बिलगून उभी असलेली लोखंडी चकत्यांची चळत पुष्कळांनी पाहिलेली असते. तिचे काम काय हे फारच थोड्यांना ठाऊक असते. गटाच्या पहिल्या उभारणीत खांब होते, ब्रॅकेट होते, पांढरे इन्सुलेटरही रंगवलेले होते. ती चळत तेवढी नव्हती.

दुसरी उभारणी

वजने लावायची हे ठरले, पण किती लावायची हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. कॉन्टॅक्ट वायरसाठी निकष मिळाला तो पेंटोग्राफच्या उचलीचा. खरा पेंटोग्राफ तारेला सुमारे ७ किलोच्या जोराने वर दाबतो आणि दोन तारांचा मिळून ताण २००० किलो असतो. म्हणजे दाब ताणाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मॉडेलमधील तयार पेंटोग्राफ स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर उलटा धरून दाबला असता सुमारे २५ ग्रॅम जोर दाखवत होता. त्याच प्रमाणाने जायचे तर तारांवर सात किलोहून अधिक ताण हवा, आणि तेवढा भार सहा मिलिमीटरच्या पितळी नळ्यांचे खांब पेलणे शक्य नव्हते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी तडजोड झाली. पेंटोग्राफची स्प्रिंग बदलून दाब १५ ग्रॅमवर आणला आणि कॉन्टॅक्ट वायरवर १.२ किलोचा ताण ठरवला. या हिशेबात स्पॅनच्या मध्यावर तार सुमारे चार मिलिमीटर उचलली जाते. प्रमाणानुसार हे जास्तच आहे, पण धावत्या गाडीत डोळ्याला खटकत नाही.

कॅटेनरीचा प्रश्न निराळा होता आणि मला तो सर्वांत उद्बोधक वाटला. प्रत्यक्षात ४८ मीटरच्या स्पॅनमध्ये दोन्ही तारांचे मिळून मीटरला सुमारे १.६ किलो वजन कॅटेनरीला सुमारे ४६ सेंटिमीटर झोळ देते. मॉडेलमध्ये तो १४ मिलिमीटर दिसायला हवा. मॉडेलच्या तारा मात्र मीटरला सहा-साडेसहा ग्रॅमच भरतात. कॅटेनरीवरही कॉन्टॅक्ट वायरइतकाच ताण ठेवला तर तिचा झोळ दीड मिलिमीटरच्या आसपास राहतो आणि दोन समांतर रेषा दिसतात, ज्या कोणत्याही रेल्वेवर दिसत नाहीत. ड्रॉपर आखूड करून तिला जबरदस्तीने खाली ओढावे तर कॉन्टॅक्ट वायर वर कमानीसारखी चढते. गटातील काहींनी ते करूनही पाहिले. शेवटी सूत्र उलटे वापरून पाहिले असता १४ मिलिमीटरचा झोळ येण्यासाठी केवळ १३० ग्रॅम ताण पुरतो असे निघाले. तेव्हा दोन तारांना दोन वेगळी वजने देण्यात आली. खऱ्या रेल्वेवर दोन्ही तारांचा ताण सारखा असतो, म्हणून इथेही तसाच हवा हा आग्रह सोडावा लागला. काका त्याला शेवटपर्यंत राजी नव्हते, पण झोळ पाहिल्यावर त्यांनी विरोध मागे घेतला.

तारांची निवड त्यानुसार बदलली. कॉन्टॅक्ट वायर ०.८ मिलिमीटरच्या फॉस्फर ब्राँझची घेतली, कारण मऊ तांब्यातील बारीक वळणे ताणाखाली अनेक दिवस उघडत राहतात आणि तार लांबतच जाते. कॅटेनरीसाठी अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार चालली. ती लावण्यापूर्वी एक टोक शिकंज्यात धरून, किंचित लांबेपर्यंत ओढून सरळ करून घेतली होती, कारण १३० ग्रॅम ताणात वेटोळ्याची वळणे आपोआप जात नाहीत. नागदेवीच्या बाजारात मिळणारी खाचेची छोटी बेअरिंगे कप्प्या म्हणून वापरली आणि वजनांसाठी दांड्यात ओवलेले लोखंडी वॉशर. वॉशर एकेक करून वाढवता-कमी करता येतात, ही त्यांची मोठी सोय.

वजन टांगल्यावरही पहिल्या दिवशी दूरच्या टोकाकडील स्पॅन सैलच राहिले. कारण ब्रॅकेट अजून खांबांना पक्के सोल्डर केलेले होते. वजनाची ओढ पहिल्या दोन-तीन खांबांतच संपून जात होती. खऱ्या मार्गावरचा कॅन्टिलिव्हर, म्हणजे तारा पेलणारा ब्रॅकेट, खांबाशी बिजागरीसारखा फिरतो, आणि तो तसा का असतो हे इथे प्रत्यक्ष दिसले: तार लांबते तेव्हा ती ब्रॅकेटला आपल्याबरोबर थोडी नेते. मॉडेलमध्ये ही हालचाल तीन-चार मिलिमीटरांची असल्याने ७८ मिलिमीटर लांबीच्या ब्रॅकेटला दोन-तीन अंश फिरावे लागते, आणि त्यासाठी नळीत सैल बसणारी पितळी काडी पुरेशी ठरली. ब्रॅकेट आडवे काटकोनात कधी असावेत हाही विचार करावा लागला. ते सकाळच्या थंडीत काटकोनात लावले असते तर दुपारी सगळे एकाच बाजूला कलले असते. म्हणून दिवसाच्या मधल्या तापमानाला ते सरळ केले. ड्रॉपरची वरची टोकेही सोल्डरऐवजी कॅटेनरीवर सैल कड्यांनी अडकवली. पेंटोग्राफ खालून जाताना कॉन्टॅक्ट वायर उचलली की कडी सैल होते, पेंटोग्राफ पुढे गेला की पुन्हा भार घेते.

व्यवस्था मोकळी आहे की कुठे अडकते हे तपासण्याची युक्ती काकांचीच. वजन हाताने पाच मिलिमीटर खाली ओढून सोडायचे. ते मूळच्या खुणेवर परत आले तर सर्व बिजागऱ्या मोकळ्या आहेत, मध्येच थांबले तर कुठेतरी घर्षण आहे आणि एकेक ब्रॅकेट हलवून ते शोधायचे. उंची तपासण्यासाठी एका उघड्या वॅगनवर उभी मोजपट्टी बसवली आहे. गटात तिला टॉवर वॅगन म्हणतात.

वळणे

वळणांवर वजनांचा उपाय लागू केला नाही. वळणावर तार सरळ रेषेतच जाऊ पाहते आणि रूळ वाकतो, त्यामुळे दोन खांबांच्या मध्ये तार आतल्या बाजूला सरकलेली असते. २.४ मीटर त्रिज्येवर दीड मीटरचा स्पॅन ठेवला तर हे सरकणे बारा सेंटिमीटरच्या घरात जाते आणि पेंटोग्राफची पट्टी असते पाच सेंटिमीटरची. खांबापाशी तार आठ मिलिमीटर बाहेर आणि मध्यावर आठ मिलिमीटर आत, एवढी मुभा धरली तर स्पॅन ५५ सेंटिमीटरच्या पुढे नेता येत नाही. पहिल्या उभारणीतही हे अंतर बरोबर होते. आता तिथली कॅटेनरी काढून फक्त कॉन्टॅक्ट वायर ठेवली आहे. यार्डात आणि सायडिंगला, जिथे वेग कमी असतो, तिथे खऱ्या रेल्वेवरही अशी एकेरी तार आढळते, त्यामुळे ही काटकसर खोटी दिसत नाही. तिच्या टोकाला लांब, मऊ स्प्रिंग आहे. तानकाट्याने जे चुकून केले तेच इथे ठरवून केले. वळणाच्या सुमारे साडेसात मीटर तारेत दुपारी दोन मिलिमीटरही फरक पडत नाही, आणि सेंटिमीटरला शंभर ग्रॅम ताणणाऱ्या स्प्रिंगला तो जाणवतही नाही.

सरळ मार्गाची तार जिथे संपते आणि वळणाची सुरू होते तिथे दोन्ही तारा एका स्पॅनभर शेजारी शेजारी चालतात. मधल्या भागात त्या एकाच उंचीवर असतात आणि मग संपणारी तार हळूहळू वर चढत बाजूला जाते. पेंटोग्राफ काही क्षण दोन्ही तारांना टेकतो. हा भाग जुळवायला बाकी सगळ्या मार्गापेक्षा जास्त संयम लागला, कारण एक तार मिलिमीटरभर खाली राहिली तरी पट्टीचे वाकडे टोक तिच्याखाली जाते.

मे महिन्यात, पत्रा सर्वाधिक तापतो त्या दिवसांत, सरळ मार्गावरील वजने सकाळच्या खुणेपासून दुपारी सुमारे चार मिलिमीटर खाली गेलेली दिसली आणि कॉन्टॅक्ट वायरची उंची टॉवर वॅगनच्या पट्टीवर जागची हलली नाही. पावसाळ्यात वेगळाच त्रास निघाला. दमट हवेत बेअरिंगे गंजली आणि वजने अडकू लागली. आता ती स्टेनलेसची बसवली असून जूनपूर्वी त्यांना तेल देण्याचे ठरले आहे. कबुतरांचा बंदोबस्त जाळी लावून करावा लागला, कारण १३० ग्रॅम ताणाच्या कॅटेनरीवर सव्वातीनशे ग्रॅमचे कबुतर बसले की पुढचे सांगायला नको.

स्थानकातील दुसऱ्या फलाटाच्या मार्गावर अजून तार चढवलेली नाही. तिथल्या सांध्यावर दोन तारा एकमेकींना छेदून जाव्या लागतील. मुख्य मार्गाची तार वजनावर असल्याने ती तापमानाबरोबर सरकणार, आणि दुसरी दोन्ही टोकांना जखडलेली असेल तर छेदाच्या जागी त्या एकमेकींना ओढतील. म्हणून दुसऱ्या तारेलाही स्वतंत्र वजन द्यावे, तिचे जखडलेले टोक मुख्य तारेच्या जखडलेल्या टोकाच्याच बाजूला ठेवावे, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने आणि जवळपास सारख्याच सरकतील, असा प्रस्ताव सध्या गटापुढे आहे. खांबांची जागा त्यानुसार आखून झाली आहे.